सुईणीचं देणं

आमच्याकडं, म्हणजे मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत, बाळंतपणाची बातमी एका शब्दात पोचते. 'मोकळी झाली' म्हटलं की ऐकणारा देवाला हात जोडतो. 'अडली' म्हटलं की पायात चपला घालतो. या दोन शब्दांच्या मधे जी बाई रात्रभर उकिडवी बसते ती सुईण. काही पाड्यांवर तिला दाई म्हणतात. तिचं आपण काय देणं लागतो, हा प्रश्न माझ्या मनात बऱ्याच वर्षांपासून आहे. आता मोबाईलवर तारीख टाकून सुईण ठरवता येते असं पोरी सांगायला लागल्या, तेव्हा तो पुन्हा वर आला.

माझी एक भाची आसनगावला स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत राहते. नवरा ठाण्याला कामाला. पहाटेची लोकल पकडतो, रात्री परततो. सासर लांब, माहेर धसईच्याही पुढं. इमारतीत चाळीस घरं, पण हाक मारावी असं एकही नाही. सातवा लागला तेव्हा तिनं मला मोबाईल दाखवला. "मावशी, बघ. शहापूर, मुरबाड, दोन्हीकडं सुईण मिळते म्हणे. पिनकोड टाकायचा, तारीख टाकायची, पैसे भरायचे."

माझ्यासमोरच तिनं फोन लावला. पलीकडचा मुलगा कुठल्या तरी दुसऱ्याच शहरातून बोलत होता. त्यानं आधी तारीख विचारली, मग वेळ सकाळची हवी की संध्याकाळची ते विचारलं. भाची हसली. म्हणाली, "ते बाळाला विचारून सांगते." पुढं चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांच्याकडं मालीश करणारी बाई होती, बाळाला अंघोळ घालणारी होती, रात्री बाळ सांभाळणारीही होती. बाळंतपण करणारी म्हणून जी यादीत होती तिचं शिक्षण काय, नोंदणी कुठली, अडलं तर ती कुठल्या दवाखान्यात नेणार, यातलं त्याला काहीच सांगता आलं नाही.

फोन ठेवल्यावर मी बोलून गेले, "आमच्या वेळी असं नव्हतं." भाचीनं लगेच विचारलं, "मावशी, तुमच्या वेळची सुईण तरी कुठं शिकलेली होती? आणि तिला पैसे तरी कोण देत होतं?"

प्रश्न सरळ होता. त्याचं उत्तर द्यायचं तर आमच्या वेळची सुईण कशी होती ते आधी खरं खरं सांगायला हवं.

१९७० च्या आगेमागे आमच्या गावाला रस्ता नव्हता. मुरबाडला जायचं तर आधी ओढा ओलांडायचा, मग चालत मोठ्या रस्त्यापर्यंत, मग एसटीची वाट बघायची. पावसाळ्यात ओढा भरला की गाव चार-चार दिवस बेट व्हायचं. आमची सुईण गावाबाहेरच्या ठाकूरवाडीत राहायची. तिचं नाव घेऊन कुणी बोलवत नसे. लहानथोर सगळे तिला आजी म्हणत. कुणाच्या पोटात दुखायला लागलं की त्या घरातला पुरुष कंदील घेऊन वाडीवर जायचा आणि बाहेरूनच हाक द्यायचा. ती दुसरं काही विचारत नसे. पदर खोचायची आणि निघायची.

मी शाळकरी असताना तिला एकदा विचारलं होतं, "आजी, तुला कंटाळा नाय येत?" ती म्हणाली, "हाक आली का जायाचं. नाय म्हनायचं नस्तं." हे तिनं मोठेपणानं सांगितलं नव्हतं. पावसात भिजायचं असतं, तसं सांगितलं.

काम तरी काय कमी होतं? बाईला धीर द्यायचा. आढ्याला बांधलेला दोर तिच्या हाती द्यायचा, कंबर दाबायची, पाणी तापवायला लावायचं. मूल आलं की नाळ कापायची, वार पडेपर्यंत थांबायचं, वार परसात पुरायची. बाळाला न्हाऊ घालायचं, घाणीची लुगडी धुवायची. मग पाचवीपर्यंत रोज दोन वेळा येऊन मायलेकरांचं अंग चोळायचं. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा व्हायची आणि त्या दिवशी तिला तिचं मिळायचं. पायलीभर भात, एक नारळ, जमलं तर वापरलेलं लुगडं. मुलगा असेल तर भात दोन पायली. मुलगी असेल तर एक. कळा दोघींच्या सारख्याच, रात्र तेवढीच लांब. पण सुईणीची मजुरी मुलाच्या जातीवरून ठरायची.

आणि तिचा कप. आमच्या पडवीत, कोनाड्यात, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. तो तिचा. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत ती सगळ्यांत जवळची बाई असायची. सासूला जिथं हात लावायची लाज वाटे तिथं हिचा हात असायचा. पण बाहेर आली की ती पुन्हा पडवीतली. विटाळाचं काम करणारी म्हणून तिच्याशिवाय चालायचं नाही, आणि त्याच कारणानं तिला आत घ्यायचं नाही. आज मी जेव्हा सुईणीवर लिहिलेलं गोड गोड वाचते, तिचे मायेचे हात, तिचा अनुभव, तिची सेवा, तेव्हा मला तो कप आठवतो.

एका आषाढात तर याहून वाईट झालं. लावणीचे दिवस. राबात आवण तयार, पाऊस धरलेला. आमच्या गावातली एक पहिलटकरीण दोन दिवस, दोन रात्री अडली होती. आजी तिच्यापाशी बसून. तिसऱ्या दिवशी बाई मोकळी झाली, दोघं सुखरूप. गावानं पेढे-साखर वाटली. तोपर्यंत आजीच्या वाडीवरच्यांची लावणी उरकली होती आणि तिचं आवण राबातच वाढून पिवळं पडायला लागलं होतं. मग पावसानं ताण दिला. त्या वर्षी तिच्या पाटीभर शेतात निम्मंही पिकलं नाही. गावात एकमेकांच्या लावणीला जायची रीत होती. पण आजीच्या शेतावर चार माणसं पाठवावीत असं एकाही घराला सुचलं नाही. तिनंही कुणाला म्हटलं नाही. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण दुसऱ्यावर टीका करताना वापरतो. गावं या म्हणीप्रमाणं पिढ्यान्‌पिढ्या वागली आहेत.

तेव्हा भाचीच्या प्रश्नातल्या दुसऱ्या भागाचं उत्तर असं, की पैसे कुणीच देत नव्हतं. आपण तिला 'पुण्य' देत होतो. आणि ज्या माणसाला पुण्य लागतं असं आपण ठरवतो त्याला मजुरी द्यायची सोय राहत नाही. तिला 'नाही' म्हणायची मुभा नव्हती, कामाला वेळ नव्हती, म्हातारपणाला आधार नव्हता. अशा व्यवस्थेला कुणी 'जुनी माणुसकी' म्हणालं तर मी विचारीन, माणुसकी कुणाची? आजीची होती, हे मान्य. गावाची कुठं होती?

आता पहिला भाग. ती शिकलेली नव्हती. तिच्या हातांना जे येत होतं ते खूप होतं, आणि जे येत नव्हतं तेही खूप होतं. आमच्या शेजारची एक बाई तिसऱ्या बाळंतपणात गेली. मूल झालं, रडलं. पण वार पडेना आणि रक्त थांबेना. चार जणांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. ओढ्याला पाणी. पलीकडं न्यायच्या आधीच सगळं संपलं. आजी ओट्याखाली बसून होती, नुसती स्वतःच्या हातांकडं बघत. बायका म्हणाल्या, सटवाईनं लिहिलं होतं तेवढंच. मला तेव्हा ते पटलं होतं. आता वाटतं, सटवाईच्या नावावर आपण फार काही खपवलं. ओढ्यावर पूल का नाही, रक्त थांबवायचं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात का नाही, हे कुणी विचारलं नाही. पुलाचा हिशेबसुद्धा सटवाईच्या खात्यावर लिहिला गेला.

म्हणून बाळंतपण दवाखान्यात गेलं याचं मला वाईट वाटत नाही. २०१८ ते २० या काळातल्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणं देशात एक लाख जिवंत जन्मांमागं ९७ माता दगावत होत्या; महाराष्ट्रात ३३. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. हे आकडे नुसते कागद नाहीत. आमच्या शेजारणीसारख्या किती बाया ओढा ओलांडून घरी परत आल्या, त्याचा तो हिशेब आहे. अजूनही पावसाळ्यात आपल्या दोन तालुक्यांतल्या एखाद्या पाड्यावरून डोलीचा फोटो पेपरात येतो. उरलेल्या पाच जणी कुठं राहतात ते त्या फोटोवरून कळतं.

पण सुईणीला शिकवता येत नव्हतं, असं मात्र नाही. सत्तरच्या दशकापासून सरकारनं गावोगावच्या दायांना प्रशिक्षण दिलं. आमची आजीही गेली होती. परत आली ती एक पेटी घेऊन. नवं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, साबण. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ, असे पाच नियम ती बोटांवर मोजून दाखवायची. विळ्यानं नाळ कापणं तिनं त्या दिवसापासून सोडलं. एकच अडचण तिनं सांगितली होती: "येवढं धुवाया पानी कुठनं आनू?" हा प्रश्न शहापूर तालुक्यात आजही जुना झालेला नाही. तानसा धरण १८९२ सालापासून मुंबईला पाणी देतं आहे, भातसाही देतं आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. स्वच्छ हातांचा नियम पुस्तकात सोपा असतो. हंडाभर पाण्यासाठी दोन टेकड्या उतरणाऱ्या घरात तो महाग पडतो.

गावातल्या बाईला नीट शिकवलं, तिच्यावर विश्वास टाकला, तर काय होतं याचा दाखला गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या कामात सुईणीही सोबत होत्या. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. काही वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पुढं २०११ मध्ये आशांनी घरी जाऊन बाळाला बघायचं, ही पद्धत देशभर घेतली गेली. म्हणजे दवाखाना हवाच होता, आणि दवाखान्याच्या अलीकडं गावातली बाईही हवी होती. दोन्हींत भांडण नव्हतं.

तरीही सुईण मागं पडली. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. ग्रामीण भागातल्या पात्र बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये ठरले. २०११ ला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, जाणं-येणं मोफत झालं. १०२ आणि १०८ च्या गाड्या आल्या. चांगलंच झालं. पण आजीला कुणी येऊन सांगितलं नाही, की बाई, तुझं काम आता संपलं, इतकी वर्षं केलंस, हे घे. हाक यायची बंद झाली, एवढंच. पेटी तिच्या माळ्यावर गंजत राहिली.

तिच्या जागी आशा आली. गरोदर बाईची नोंद करायची, तपासणीला न्यायचं, कळा लागल्या की गाडी बोलवायची आणि मध्यरात्री सोबत जायचं. तिलाही 'नाही' म्हणता येत नाही. आणि तिला काय म्हणायचं ठरलं? स्वयंसेविका. पगार नाही, मानधन, कामागणिक मोबदला. २०२४ च्या सुरुवातीला राज्यातल्या आशा मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. तेव्हा माझ्या ओळखीच्या एका शिकल्या-सवरल्या गृहस्थांनी म्हटलं, "सेवेच्या कामात संप शोभतो का?" मला पडवीतला कप दिसला. कोनाडा बदलला होता, कप तोच. गावानं सुईणीला पुण्य दिलं, सरकारनं आशेला मान दिला. धन त्या शब्दाच्या शेवटी आहे, तसंच ते हातात पडायलाही सगळ्यांत शेवटी.

अशा पार्श्वभूमीवर मोबाईलवरच्या बुकिंगकडं मी नुसतं नाक मुरडून बघू शकत नाही. त्यात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या आजीच्या वाट्याला कधी आल्या नाहीत. एक, दर आधी ठरतो. मुलगा-मुलगी बघून बदलत नाही. दोन, येणारी बाई 'त्या दिवशी मला जमणार नाही' असं म्हणू शकते. तिच्या शेताची लावणी असेल तर ती लावणी करू शकते. मालीश करणाऱ्या किती तरी बायका आज शहापूर, वासिंद, कल्याणकडं अशा ठरवून जातात. त्यांना ताजा चहा मिळतो, धड कपातून मिळतो. दलाल मधे किती खातो तो वेगळा विषय. पण तिची मजुरी ही मजुरी आहे असं निदान मानलं तरी जातं.

आणखी एक बाजू आहे. गावातली सुईण जवळची असते म्हणूनच काही बायांना ती नको असते. तिला सगळं माहीत असतं आणि तिला माहीत म्हणजे गावाला माहीत होण्याची भीती. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. अडचणीत सापडलेल्या विधवांनी इथं येऊन गुपचूप, सुखरूप बाळंत व्हावं, अशा जाहिराती त्यांनी लावल्या. जिला आपल्या घरात, आपल्या गल्लीत हाक मारायची सोय नव्हती, तिच्यासाठी भिंतीवरचा तो कागद हीच हाक होती. अशाच एका बाईच्या मुलाला, यशवंतला, फुले दांपत्यानं दत्तक घेतलं आणि तो डॉक्टर झाला. म्हणजे अनोळखी माणसाला मदत जाहीर करून देणं ही काही आजची, बाजारू गोष्ट नाही. त्या जाहिरातीत आणि माझ्या भाचीच्या मोबाईलवरच्या जाहिरातीत फरक एवढाच की पुण्यातल्या कागदामागं उभं राहून उत्तर देणारी दोन माणसं होती.

माझ्या मते सगळा प्रश्न इथं येऊन थांबतो. सुईण ठरवून बोलवावी की हाक मारून, हा खरा वाद नाही. ती आल्यावर पुढं जे घडेल त्याला उत्तर देणारं कुणी आहे का, हे बघायचं.

कायद्यानं ते थोडंफार सांगितलं आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात, बाळंतपणाला हजर असलेल्या सुईणीनं जन्माची खबर द्यायची असं कर्तव्य घातलेलं आहे. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी भाचीला मी चार प्रश्न विचारायला सांगितले. बाईनं नर्सिंगचं कोणतं शिक्षण घेतलं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं तिची नोंद आहे का? रक्तस्राव झाला, झटके आले, मूल आडवं निघालं तर ती किती वेळात कुठं हलवणार, आणि रात्री गाडी कुणाची? जन्माची नोंद कोण करणार? आणि शेवटचा: काही बरंवाईट झालं तर दुसऱ्या दिवशी आम्ही कुणाच्या दारात जायचं? पहिल्या तीन प्रश्नांना एखादी चांगली संस्था उत्तर देईल. २०१८ च्या अखेरीला केंद्र सरकारनं परिचारिकांना खास शिक्षण देऊन तयार करायच्या सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. अशा शिकलेल्या सुईणी दवाखान्याला जोडून काम करू लागल्या तर मला आनंदच आहे. चौथ्या प्रश्नाला मात्र पिनकोड उत्तर देत नाही. पाचापैकी साडेचार तारे मिळालेत, हे दार नव्हे.

आजीचं दार सगळ्यांना माहीत होतं. तिनं जन्माला घातलेली पोरं तिच्या डोळ्यांसमोर मोठी झाली. कुणाचा पाय वाकडा राहिला, कुणाची आई गेली, हे तिला रोज रस्त्यात भेटायचं. ती शिकलेली नव्हती, पण पळून जाऊ शकत नव्हती. तिच्यात जे मोलाचं होतं ते हे, आणि मोबाईलमध्ये जे हरवतं तेही हेच. पण मी हे सांगताना विसरत नाही, की तिनं गावाला उत्तर द्यायचं होतं. गावानं तिला कधीच दिलं नाही. उत्तरदायित्व एकाच बाजूला बांधलेलं होतं.

आणि बुकिंगमध्ये कोण बसत नाही तेही बघायला हवं. दिवाळी झाली की आपल्याकडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात. माणसं भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधी घेतलेली, काम मे महिन्यापर्यंत. त्यांतल्या पोटुशी बाईचं नाव गावच्या आशेच्या वहीत असतं आणि बाई भट्टीवर. भट्टीजवळच्या आशेच्या वहीत ती नसते. गावची सुईण पाच कोस मागं राहिलेली. फोन नवऱ्याकडं असला तर असतो, त्यात पैसे असले तर असतात. तिच्यापुढं 'तारीख निवडा' याला अर्थ काय? जी सेवा पैसे भरणाऱ्यालाच दिसते ती कितीही चांगली असली तरी या बाईच्या दृष्टीनं ओढ्याच्या पलीकडची आहे.

मग करायचं काय? 'हाक आली की जायचं, नाही म्हणायचं नाही' हा आजीचा नियम मला आजही खरा वाटतो. बाळंतपणात तो सुटला तर माणसं मरतात. पण तो एका बाईच्या पाठीवर लादायचा नियम नाही. तो व्यवस्थेचा नियम असला पाहिजे. एक आशा 'आज मला जमत नाही' म्हणाली तर दुसरी निघाली पाहिजे. एक गाडी बंद पडली तर दुसरी आली पाहिजे. राज्याच्या आदिवासी भागांत माहेरघर नावाची योजना आहे. दिवस भरत आलेल्या बाईनं आरोग्य केंद्रापाशी आधीच येऊन राहायचं. नाव सुंदर आहे. पण माहेरी जेवण मिळतं, सोबतीला कुणी असतं आणि घरच्या दोन पोरांनाही जागा असते. तेवढं असेल तरच बाई तिथं येईल. 'नाही' म्हणायचा हक्क माणसाला असावा आणि 'नाही' न म्हणायची जबाबदारी संस्थेची असावी. आपल्याकडं आजवर हे उलटं चाललं आहे. दवाखाना 'पुढं न्या' म्हणू शकतो, गाडी 'लांब आहे' म्हणू शकते, आणि आशा तेवढी 'येते' म्हणते.

तेव्हा भाचीला मी शेवटी सांगितलं ते असं. बाळंतपण दवाखान्यात कर. आशेचा नंबर आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, शेजारच्या दोन घरांनाही दे. मालीशवाली हवी तर खुशाल मोबाईलवर ठरव. पैसे वेळेवर दे, आणि तिला जमणार नसेल त्या दिवशी तोंड वाकडं करू नकोस. आणि आशा रात्री तुझ्यासोबत आली, तर सकाळी तिच्या घरी कोण आहे, तिच्या पोरांचं काय झालं, एवढं तरी विचार.

आमची आजी जाऊन आता खूप वर्षं झाली. तिनं मोकळ्या केलेल्या बायांतल्या काही अजून आहेत, त्यांची नातवंडं मुंबई-ठाण्याला आहेत. तिचं देणं आता तिला देता येत नाही. पण अशा देण्याला वारस असतात. आझाद मैदानावर बसलेल्या बायका तिच्याच वारस आहेत, भट्टीवर कळा देणारी बाईही. पुढच्या आषाढात कुणा आशेचं आवण राबात पिवळं पडत असेल आणि ती आपल्या सुनेबरोबर दवाखान्यात बसलेली असेल, तर चार माणसं तिच्या शेतावर जायला हवीत. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही.